चार बोटं माती

१४ डिसेंबर

आज पाया खोदायला सुरुवात झाली आणि पहिल्याच तासाला माझं आणि चंद्रप्पा मिस्त्रीचं वाजलं. तो म्हणतो तीन फूट बस झालं. शिवांगीच्या नकाशावर लिहिलंय, मुरूम लागेपर्यंत. तीन फुटांवर सगळी काळी माती. मी विचारलं, "मिस्त्री, मुरूम कुठाय?" तर म्हणे, "अण्णा, निलंग्यापासनं इथवर घरं बांधलोय म्या. एक बी पडलं न्हाई." पडलं नाही हे काय सांगणं झालं? मुदखेडला मी रेल्वेत पॉइंट्समन होतो. आजवर गाडी घसरली नाही म्हणून सांधा न बघता गाडी सोडली असती तर मला घरी बसवलं असतं, आणि बराबर केलं असतं.

शिवांगीला फोन लावला. आमची एकुलती एक पोरगी. नांदेडला एका इंजिनिअरच्या ऑफिसात इमारतींची गणितं करते. आमच्या घराचा नकाशा तिचाच. म्हणाली, "बाबा, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर तिच्यावर ठेवलं तर ती दर वर्षी घराला उचलणार आणि दर वर्षी खाली सोडणार. तेही सारखं नाही, एका कोपऱ्याला जास्त, दुसऱ्याला कमी. मग भिंती चिरतात. खाली मुरूम असतो, तो हलत नाही. पाय त्याच्यावर टेकवायचे."

उन्हाळ्यात रानात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या भेगांचा आणि घराच्या भिंतीचा काही संबंध असेल हे साठ वर्षांत डोक्यात आलं नाही. गंमतच आहे. मिस्त्रीला सांगितलं, खोदा. तो कानडीत काहीतरी पुटपुटला. मला कानडी येत नाही ते एक बरं आहे.

घर कशासाठी बांधायलोय ते एकदा लिहून ठेवतो. केवळाबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हापासून भिंतींच्या आत झोपलेली नाही. तिचं माहेर तेरणेच्या काठचं. आई आणि दादा, म्हणजे तिचे वडील, मातीच्या छताखाली, माळवदाखाली गेले. मुदखेडच्या क्वार्टरमध्येही ती दिवसभर आत आणि रात्री बाहेर, व्हरांड्याच्या पत्र्याखाली. निवृत्त होऊन शिरूर अनंतपाळला आलो, गावाबाहेर आमच्या तुकड्यात पत्र्याचं शेड टाकलं. तीन बाजू उघड्या. भिंती घालू म्हटलं तर नको. आता तिला दमा आहे. लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, येता पावसाळा बाईंना उघड्यावर काढू देऊ नका, छाती साथ देणार नाही.

म्हणजे काम एवढंच. मिरग निघायच्या आत केवळाला आत झोपवायचं.

२१ डिसेंबर

रविवार. शिवांगी आली. मुरूम बघून खूश झाली. खड्ड्यात उतरून टाचेनं दाबून बघितला. मी तिला म्हटलं, मला सगळं पहिल्यापासून सांग, घर उभं कसं राहतं? ती म्हणाली, "बाबा, वजनाला नेहमी विचारायचं, तू कुठून कुठं चाललास. स्लॅबचं वजन बीमवर जातं, बीमचं कॉलमवर, कॉलमचं पायात, पायाचं जमिनीत. मधे कुठं वाट तुटली की घर बसलं."

हे मला फार आवडलं. संध्याकाळी एसटी स्टँडवर पेपर आणायला गेलो आणि वर मान करून छत बघत उभा राहिलो. बीम कुठं टेकलाय, कॉलम कुठं गेलाय. कंट्रोलर म्हणाला, काका काही हरवलं का?

केवळानं नकाशात एकच गोष्ट खोडायला लावली. जिना. "वर जायला जिना नको." शिवांगी म्हणाली, "माय, वर टाकी आहे, पुढंमागं वरचा मजला चढवायचा झाला तर?" "न्हाई. कुणी वर जायचंच न्हाई. शिडी लावा लागली तर." जागा वाचवायची असंल. बायकांचा हिशोब वेगळा असतो. खोडला जिना.

५ जानेवारी

आज जोंधळ्याच्या ओल्या धाटाशी खेळत बसलो. शिवांगीनं फोनवर सांगितलेलं करून बघायचं होतं. धाट दोन विटांवर आडवं ठेवलं आणि मधे दाबलं. वरच्या बाजूला सुरकुत्या पडल्या, खालची बाजू ताणून फाटली. पुन्हा दुसरं घेतलं, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी खालूनच फाटतं! बीमचंही असंच. सिमेंट-खडीचा काला दाबला तर लई दम धरतो, पण ओढलं की लगेच चिरतो. म्हणून ओढ जिथं बसते तिथं, म्हणजे खालच्या अंगाला, लोखंड घालायचं. लोखंड ओढ सोसतं, काँक्रीट दाब सोसतं.

अर्धी पेंडी धाटं मोडली. केवळा म्हणाली, "अवं, म्हशीच्या तोंडचं कशाला मोडून राहिलाव?" मी तिला बसवून सगळं समजावलं. ऐकलं तिनं. मग म्हणाली, "आन् वरनं लईच वजन आलं तर? लोखंड बी तुटतं का?" मी म्हटलं, तुटायच्या आधी वाकतं, भेगा दाखवतं, माणसाला पळायला वेळ देतं. "माती वेळ देत न्हाई," ती म्हणाली आणि धारेला गेली.

१८ जानेवारी

आज जोराचं भांडण. लिहितानाही रग आहे.

कॉलमच्या उभ्या गजांना आडव्या रिंगा बांधतात. शिवांगीनं सांगितलेलं, रिंगेची दोन्ही टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची. चंद्रप्पानं सगळी टोकं नुसती काटकोनात मोडून ठेवलेली. म्हणे सगळीकडं असंच असतं. मी म्हटलं, हलायला लागलं की कडेचं काँक्रीट आधी गळून पडतं, मग ही टोकं उघडतात, रिंग सुटते, आणि उभे गज बाहेरच्या बाजूला फुगतात. तो म्हणाला, "अण्णा, तुमी कवा बघितलंत?" मी नाही बघितलं, कबूल. पण कडब्याची पेंडी कुणी बघितली नाही? पेंडी बांधायच्या आळ्याचं टोक आत खोचलं नाही तर उचलताना पेंडी सुटते का नाही? त्यानं एक रिंग हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाला, "ह्ये आदी सांगायचं ना, पेंडीचं." सगळ्या रिंगा परत वळवायला घेतल्या. दोन दिवस जाणार त्याचे. जेवायला बोलावलं तर आला नाही, केवळानं डबा नेऊन दिला तेव्हा मुकाट्यानं खाल्लं.

१ फेब्रुवारी

शिवांगी आली होती. आज मला तिनं चारचौघांत पाडलं, खरोखरचं पाडलं.

मी विचारलं होतं, भूकंप घराला नेमकं करतो काय? तिनं शेडमध्ये सतरंजी टाकली, मला वर उभं केलं, आणि सतरंजी पायाखालून हिसकली. मी हललो, पण सावरलो. मग माझ्या खांद्यावर सोयाबीनचं अर्धं पोतं दिलं आणि परत हिसका. मी पोत्यासकट आडवा. चंद्रप्पाची माणसं पोट धरून हसायला लागली. हसू द्या. "बाबा, भूकंप घराला वरून ढकलत नाही, पायाखालची जमीन ओढतो. वरचं वजन जागेवरच राहू बघतं. जितकं वजन जास्त आणि जितकं उंच, तितका घराला हिसका मोठा."

मला एका झटक्यात कळलं. रिकामी मालगाडी आणि भरलेली मालगाडी. ब्रेक तोच, माणूस तोच, पण भरलेली थांबता थांबत नाही. जन्मभर हेच बघत आलो.

पुढं ती म्हणाली, आपल्याकडं त्या वेळी तसंच झालं. दगडी भिंती, मधे नुसता चिखल, आणि डोक्यावर माळवद. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना कुणी काढायचं नाही. पणज्याचा थर, आज्याचा थर, बापाचा थर. कुठं कुठं दोन-दोन फूट झाली होती माती.

केवळा तिथंच तूर निवडत बसली होती. अर्धं सूप तसंच ठेवून उठली आणि म्हशीकडं गेली. मी शिवांगीला डोळ्यांनी दटावलं. मायसमोर हा विषय कशाला काढायचा? पोरगी ओशाळली.

संध्याकाळी केवळानं विचारलं, "एका पाटीत किती किलो माती मावती?" मी म्हटलं, अठरा-वीस. ओली असली तर जास्त. का गं? "आसंच."

६ फेब्रुवारी

आज बघतो तर केवळा सोयाबीनच्या काट्यावर पाटीभर माती ठेवून बघायलीय. काट्याचा आकडा बघितला, पाटी रिकामी केली, परत भरली, आता जरा दाबून. ओठ हलत होते. मी मागं जाऊन उभा राहिलो तरी तिला पत्ता नाही. "काय हिशोब चाललाय?" दचकली. "काय न्हाई. चंद्रप्पाची माणसं किती उचलतेत त्ये बघायले."

माझं वेड हिला लागलं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. एवढ्या वर्षांत मी रेल्वेचं काही सांगायला लागलो की ही जांभई द्यायची. आता बघा, काटा घेऊन बसलीय. शिवांगीला फोनवर सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, माय असं का करते?" मी म्हटलं, हुशार आहे म्हणून. तू काय एकट्या बापावर गेलीस का?

२२ फेब्रुवारी

स्लॅब टाकून झाला. नारळ फोडला, सगळ्यांना गूळ वाटला. मिक्सरच्या आवाजानं कान बसलेत. चंद्रप्पानं आज काम देखणं केलं, खोटं कशाला बोलू. गजांच्या खाली सिमेंटचे ठोकळे नीट ठेवले होते, म्हणजे लोखंड काँक्रीटच्या आत राहतं, हवा लागून गंजत नाही. मी एक एक ठोकळा बघत फिरलो. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, खाली उतरा, न्हाईतर तुमाला बी आतच घालतो."

आता वर छोटे वाफे करून पाणी साठवायचं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. हे कळलं तेव्हा मी शिवांगीला तीनदा विचारलं. आयुष्यभर मला वाटत होतं की वाळल्यावर पक्कं होतं!

केवळा वर आली नाही. खालून विचारलं, "त्या पाण्याचं वजन न्हाई का?" बघा प्रश्न. मी म्हटलं, आहे, पण खाली टेकू आहेत. "आन् टेकू काढल्यावर पाणी बी काढायचं ना? समदं?" हो म्हटलं, सगळं. "ध्यानानं काढा."

१९ एप्रिल

अक्षय्य तृतीया. वास्तुशांत झाली. केवळा हिरव्या लुगड्यात पूजेला बसली, पंगतीत वाढलं, बायकांना सगळ्या खोल्या दाखवल्या, आणि दिवेलागणीला उशी उचलून पत्र्याखाली गेली. पाहुण्यांच्या देखत.

शेषेराव माझा शाळेतला सोबती, चावडीच्या पारावरच राहतो म्हटलं तरी चालेल. जाताना म्हणाला, "हणमंत्या, महाल बांधला आन् राणी पत्र्यात?" मी त्याला असं काही बोललो की ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग केवळाशी बोलणं टाकलं. तासाभरानं बघतो तर तिला पत्ताच नाही, ती आपली भांडी लावायली. मीच जाऊन विचारलं, "भीती वाटती का अजून? तुला सगळं दाखवलं. मुरूम दाखवला, रिंगा दाखवल्या." ती म्हणाली, "घर चांगलं बांधलाव तुमी." बस. चांगलं बांधलंय तर झोप ना बाई!

४ मे

आज एक घडलं. दुपारी केवळा आपण होऊन आत आली आणि फरशीवर आडवी झाली. मी दुसऱ्या खोलीत श्वास धरून बसलो. वाटलं, आता हलायचं नाही, आवाज करायचा नाही. थोड्या वेळानं ती घामाघूम होऊन उठली. "भट्टी हाय भट्टी. जीव घाबरायलाय." आणि बाहेर.

म्हणजे भीती नव्हतीच! उकाडा होता! मी उगाच इतके दिवस तिच्या मनाचा किस काढत बसलो. स्टुलावर चढून छताला हात लावला तर चटका बसला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओततो. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे. उष्णता अडवायची.

पारावर शेषेरावला म्हटलं. तो म्हणाला, "माळवदात कवा उकडलं का रे आपल्याला? बाहेर आगीचा लोळ आन् आत माठातल्यावानी गार. टाक की चार बोटं पांढरी माती वर." बाकीचे म्हातारे बसले होते ते सगळेच हाव हाव म्हणाले. खरंच आहे. लहानपणी माळवदाखाली चैत्रात गोधडी लागायची.

९ मे

गणित केलं. चार बोटं म्हणजे किती इंच, घनफूट किती, वजन किती. शिवांगीनं एकदा सांगितलेलं, स्लॅबवर माणसं जमतील, सामान येईल म्हणून थोडं वजन आधीच धरलेलं असतं. त्या आकड्यात माझी माती बसते. काठोकाठ बसते, पण बसते. दोनदा ताळा करून बघितला. चंद्रप्पालाही विचारलं. "चार बोटांनं काय होतंय अण्णा. हत्ती उभा करा."

शिवांगीला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

केवळा छाती दाखवायला लातूरला गेलीय, आज तिच्या मावसबहिणीकडं मुक्काम. मोका चांगला आहे. जुन्या गावठाणातली पांढरी माती ट्रॅक्टरनं आणवली. चंद्रप्पाची माणसं शिडीवर साखळी करून पाट्या चढवायला लागली. मीही हात दिला. संध्याकाळपर्यंत सगळा स्लॅब सारखा केला, वर पाणी शिंपडून चोपून घेतला. अगदी पहिल्यासारखा वास आला. उद्या ती आली की काही सांगायचं नाही. आत बोलवायचं, फक्त आत बोलवायचं.

११ मे

काल लिहिलं नाही. लिहिता आलं नसतं.

काल दुपारच्या एसटीनं केवळा आली. मी फाटकातच उभा. "आत ये, कसं गार झालंय बघ." खरंच फरक पडला होता. ती उंबऱ्याच्या आत दोन पावलं आली, वर बघितलं. "कशानं गार झालं?" मी हसत हसत म्हणालो, "माळवद केलं तुझ्यासाठी. चार बोटं पांढरी."

तिनं पिशवी खाली ठेवली. सरळ शिडीकडं गेली. केवळाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, ती शिडीवरून वर गेली. मी खालून ओरडायलोय, अगं पडशील. तर माझ्या शेजारी मातीचं ढेकूळ येऊन फुटलं. मग दुसरं. ती वर गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरून खाली टाकायली होती.

मला राग आला. हो, आला. रस्त्यावरचे थांबून बघायला लागले. मी ओरडलो, "डोकं फिरलं का तुझं? कुणासाठी केलं हे सगळं? घर कुणासाठी बांधलं?"

ती थांबली नाही. माती टाकता टाकताच म्हणाली, "म्या टाकली हुती."

"काय?"

"त्या उन्हाळ्यात. माहेरपणाला गेल्ते तवा. दादा म्हणले, कोपऱ्यात गळायलंय, चार पाट्या टाक बाई. म्या चार न्हाई टाकल्या. समदं माळवद भरून काढलं. जोर हुता अंगात. आई खालनं म्हणायली, बस कर गं, लई झाली. म्या म्हणलं, ह्या साली गळलं तर मला बोल लाव." मग तिला दम लागला. बसून राहिली. "किती किलो हुती त्येच कळंना मला अजून. पाट्या मोजल्या न्हवत्या ना म्या."

मी शिडीच्या मधोमध उभा होतो. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन त्या गावाला गेलो होतो. तेव्हापासून आजपर्यंत एका ताटात जेवलो, आणि हे मला माहीत नव्हतं. जोर करून म्हणालो, "केवळा, त्या माळवदावर तुझ्या आज्या-पणज्याची हातभर माती होती. तुझी त्यात बोटभर."

"बोटभर बी माझीच ना."

वर गेलो, फावडं घेतलं. ती पाटीत भरत होती, मी खाली ओतत होतो. अंधार पडायच्या आत सगळी काढली. शेवटी तिनं झाडू मागितला आणि स्लॅब झाडून काढला. कोपरेसुद्धा.

१७ मे

शिवांगीला सांगावं लागलं. माझ्यावर ओरडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "तुमचं गणित बरोबर आहे बाबा, पण कोरड्या मातीचं. पाऊस पडल्यावर? शिवाय वर माणसं चढली तर त्यांच्यासाठी काहीच उरलं नाही. आणि आज चार बोटं. पुढच्या वर्षी गळलं की तुम्हीच आणखी चार टाकणार. थांबला असता का?" थांबलो नसतो. आपल्याकडं कुणी कधी थांबलंय?

आज आम्ही तिघांनी स्लॅबला चुना दिला. वजन जवळजवळ नाहीच, आणि पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं. केवळानं चुना भिजवला, गाळला, आणि शिडीवरून वर येऊन एक हात स्वतः मारला. दुपारी छताला हात लावून बघितला. गरम होता, पण चटका नव्हता. इतकं सोपं होतं हे!

चुना वाळेपर्यंत सावलीला बसलो होतो. केवळानं शिवांगीला सरळ विचारलं, "माती नसती टाकली तर वाचले असते का गं त्ये?" मी पोरीकडं बघितलं. वाटलं, हो म्हणू नको, नाही तरी म्हण. शिवांगी हाताचा चुना खरवडायला लागली. म्हणाली, "माय, त्या भिंतीच सुट्या होत्या. वरची माती कमी असती तरी बहुतेक त्या तशाच पडल्या असत्या. पण मला खात्रीनं सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही." केवळानं मान हलवली. "बरं झालं खोटं बोलली न्हाईस," म्हणाली आणि तिच्या केसातला चुना पुसला.

५ जून

आभाळ भरून येतंय. वारं दमट झालंय आणि केवळाचा खोकला सुरू झाला. पत्र्याखाली दोन-दोन तास बसून काढते.

दुपारी म्हणाली, "म्या आत झोपते आजपसून." मला उडी मारावीशी वाटली. मग म्हणाली, "पर तुमी भायेर झोपा."

मी भडकलो. हा काय नवीन प्रकार? घर दोघांचं, मुरमावर टेकलेलं, रिंगा आत वळवलेल्या, वर काडीचं ओझं नाही. परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्लॅब, बीम, कॉलम, पाया. माझं झाल्यावर म्हणाली, "हाव. घर पडायचं न्हाई. कळलं मला. तरी बी दोघं आत नको. एक जण भायेर पायजे, उकरायला."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"गल्लीतलं समदं आतच हुतं तवा. उकरायला भायेर कोणच न्हवतं. पलीकडच्या काकू बी मातीखालीच हुत्या, मागनं सांगायच्या, दुपारपत्तर आईचा आवाज यायला हुता म्हणून."

हेही मला माहीत नव्हतं.

६ जून

काल रात्री केवळा आत झोपली.

दिवस असतानाच मला खोलीत घेऊन गेली. खिडकीखाली अंथरूण टाकलं आणि दाखवलं, "हितं असंन म्या. डोकं ह्या अंगाला. खिडकीतनं उकरत यायचं, मधात शोधत बसायचं न्हाई." मी हाव म्हणालो. तिनं परत एकदा दाखवून घेतलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. मग माझी उशी, पांघरूण पत्र्याखाली आणून ठेवलं. खाटेखाली फावडं ठेवलं.

सकाळी सहाला दार उघडलं. तोंड धुऊन, चहा घेऊन आली. मी विचारलं, खोकला? "न्हाई आला." चहा माझ्या हातात देऊन जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, "रातभर जागेच हुता का काय तुमी?"

मी म्हटलं, डास लई होते.